कोकण रेल्वे पावसाळ्यात सावकाश का धावते?

कोकण रेल्वेचा मार्ग डोंगर फोडून काढलेला. त्यामुळे पावसाळ्यात रुळांवर दरड येणे हा इथला सर्वांत मोठा धोका. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि 50 हून अधिक प्रवाशांचे प्राण गेले. त्यानंतर कटिंगचे उतार सौम्य केले गेले, सुटे धोंडे अडवायला पोलादी जाळ्या लागल्या, रात्रंदिवस गस्त वाढली. रत्नागिरीजवळच्या उंच पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले, की वेग ताशी 40 किलोमीटरवर आणतात. रोहा-वीर टप्पा दुपदरी झाला, बाकीचा मार्ग मात्र बहुतांशी एकेरीच आहे; त्यामुळे एक गाडी मंदावली, की मागच्या-समोरच्या गाड्याही खोळंबतात. म्हणून पावसाळ्यात निघताना पावसाळी वेळापत्रक जरूर पाहा; त्यात प्रवासाला दिलेला वाढीव वेळ तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.