घोडबंदरचा टायर आणि आपला खोडवा

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



आमची एक पुतणी घोडबंदरला दिली आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतले, खाडीकाठचे हे जुने गाव. बारशाच्या निमित्ताने भर पावसात तिकडे जाणे झाले. ठाण्याहून गायमुखचा घाट ओलांडून जायचे, आणि त्या रस्त्यावर पुढे कंटेनर, मागे कंटेनर. न्हावा-शेवा बंदराचा माल गुजरातकडे नेणाऱ्या अवजड गाड्या याच वाटेने जातात. त्यात पाऊस आणि खड्डे. दोन तास एका जागी बसून काढले. बसल्या बसल्या माणूस काय बघणार? टायर!

रस्त्याकडेला पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे जुन्या टायरांची उतरंड लावलेली होती. खाली उतरून सहज विचारले, "हे जुने टायर कुठं जातात हो?" तो म्हणाला, "साहेब, बरेचसे तुमच्याकडंच जातात. ऊसवाले नेतात ट्रॉलीला." मी गप्प बसलो. कारण गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाच्या फडात असल्या टायरांनी काय केले, ते मी पाहिले आहे, आणि त्या प्रकरणात थोडा दोष माझाही आहे.

गावाच्या नावाची गोष्ट अशी सांगतात की पोर्तुगीजांच्या काळात अरब व्यापाऱ्यांचे घोडे इथे उतरत, म्हणून घोडबंदर. किल्ला पोर्तुगीजांचा. वसईच्या मोहिमेत, १७३७ मध्ये, तो मराठ्यांनी घेतला. किल्ल्यावर उभा राहिलो तेव्हा वाटले, इथे उतरलेला घोडा कातळावर चालणार की चिखलात, हे पाहूनच त्याच्या पायाचा विचार होत असणार. आपण मात्र अडीच-तीन टन वजनाच्या चाकाखाली काय आहे याचा विचारच करीत नाही. टायर गोल आहे, हवा धरतो, स्वस्तात मिळतो, बस्स!

आता तो फड. पूर्वहंगामी लागण, को ८६०३२, ऊस झकास. तोडणी चालू असतानाच अवकाळी पाऊस झाला. वाफसा नव्हता. पण त्या दिवशी यार्डात गाड्या कमी होत्या, गव्हाण रिकामी पडायची वेळ आली होती. मीच मुकादमाला म्हणालो, "थांबू नका, आजच भरून काढा." ट्रॉली आत गेली, भरली आणि रुतली. दुसरा ट्रॅक्टर आणून साखळीने ओढून काढली. सभासदाने पुढे सगळे नियमाप्रमाणे केले. पाचट ठेवले, बुडखे जमिनीलगत छाटले, खत पहारीने दिले. तरीसुद्धा खोडव्यात चाकोरीचे दोन पट्टे बांधावरून दिसत होते, शिवारात पायवाट दिसावी तसे. तिथे फुटवे उशिरा आले, काही बेटे आलीच नाहीत. खुरपे घातले तर खण्ण वाजायचे. सभासद मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागले.

असे का झाले, याचा ढोबळ हिशेब कागदावर करता येतो. ट्रकचा १०.००-२० मापाचा टायर डांबरी रस्त्यासाठी केलेला असतो आणि त्यात शंभर पौंडांच्या पुढे हवा भरतात. समजा एका चाकावर दोन टन, म्हणजे सुमारे ४४०० पौंड भार आला. हवा शंभर पौंड असेल तर तो सगळा भार जमिनीवर साधारण ४४ चौरस इंचांत उतरतो. साडेसहा इंच लांब, साडेसहा इंच रुंद, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढीसुद्धा जागा नाही. तोच भार ४० पौंड हवेच्या रुंद टायरवर दिला तर ११० चौरस इंचांवर पसरतो. वरच्या थरातल्या मातीवर पडणारा दाब हा बहुतांशी टायरमधल्या हवेइतकाच असतो, हे सूत्र लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. खालच्या थराचे दडपण मात्र एकूण वजनावर ठरते, तिथे रुंद टायरचा इलाज फार चालत नाही. तिथे ट्रॉली कमी भरणे किंवा आत न घालणे एवढेच हातात असते.

लगेच कोणी म्हणेल, मग ट्रकच्याच टायरातली हवा सोडून देऊ. तसे करू नका. भरलेल्या ट्रॉलीखाली कमी हवेचा ट्रकटायर डांबरीवर पळाला की बगल वाकून वाकून तापते आणि आतले धागे तुटतात. मग तो कारखान्याच्या वाटेवर, वळणावर, रात्री फुटतो. (ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावा हे दर हंगामात सांगतो, आत्ताही सांगतो.)

शेतासाठी वेगळे, रुंद आणि बसक्या बांध्याचे टायर मिळतात, उदाहरणार्थ ४००/६०-१५.५. यात ४०० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे रुंदीच्या मानाने शेकडा उंची, आणि १५.५ इंचांची रिंग. रिंग बदलावी लागते, खर्च येतो. सगळ्यांनी उद्याच घ्यावेत असे मी म्हणत नाही. पण ज्यांची ट्रॉली हंगामभर फडात आत जाते त्यांनी, आणि हार्वेस्टरबरोबर इन्फिल्डर चालवणाऱ्यांनी तर नक्कीच, पुढच्या वेळी टायर बदलताना हा हिशेब करावा. ज्यांची ट्रॉली बांधावरच उभी राहते आणि मोळ्या डोक्यावरून येतात, त्यांना रस्त्याचा टायर पुरेसा आहे. मात्र जुना घेताना बगलेवर अंडाकृती चौकटीतले चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. वरून नवे रबर चढवलेले असले तरी आतला सांगाडा त्याच वयाचा असतो. बगलेला केसासारख्या चिरा दिसल्या तर तो टायर घोडबंदरलाच राहू द्यावा!

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. १३.६-२८ म्हणजे १३.६ इंच रुंद आणि २८ इंचांची रिंग. मध्ये आडवी रेघ असेल तर साधा टायर, 'आर' असेल तर रेडियल. रेडियलची बगल लवचिक, त्यामुळे जमिनीवर लांब बसतो, घसरतो कमी आणि डिझेल वाचते. पण ताज्या तोडलेल्या उसाचे तिरके बुडखे भाल्यासारखे असतात, त्या फडात त्याची पातळ बगल सांभाळावी लागते. नक्षीचे नमुने मुख्यतः दोन. आर-१ हा नेहमीचा. आर-२ ची नक्षी जवळजवळ दुप्पट खोल. परदेशात याला भात-उसाचा टायर म्हणतात, आणि दुकानदार तेवढे ऐकवून तो गळ्यात मारायला बघतात. तिकडचा ऊस पाणथळ रानात असतो. आपला ट्रॅक्टर निम्मे आयुष्य कारखान्याच्या डांबरी रस्त्यावर काढतो. तिथे खोल नक्षी हादरे देते आणि झिजते. चिखलणी करणाऱ्या भातवाल्याला आर-२ शोभतो, आपल्याला आर-१ बरा, असे माझे मत आहे.

टायर बसवताना एक चूक वारंवार दिसते. मागे उभे राहून पाहिले असता नक्षीचे टोक वरच्या बाजूला असले पाहिजे, घराच्या छपरासारखे. म्हणजे टोक आधी जमिनीला लागते आणि चिखल बाहेर फेकला जातो. उलटे बसवले तर चिखल आत भरतो आणि दोन फेऱ्यांत टायरचे लाटणे होते. बगलेवर बाण असतो, तो पाहावा.

घसरण मोजायला यंत्र लागत नाही. चाकावर खडूची खूण करा. रानात अवजार उचलून दहा फेरे चालवा, अंतर पावलांनी मोजा. मग अवजार लावून पुन्हा दहा फेरे. पहिल्या वेळी १०० पावले भरली असतील आणि दुसऱ्यांदा ८५ ते ९० भरली तर ठीक. ८० च्या खाली आली तर टायर झिजला आहे, हवा जास्त आहे किंवा मागे वजन कमी आहे. शेतकामाला मागच्या टायरात साधारण १२ ते १४ पौंड हवा चालते, वाहतुकीला थोडी वाढवावी लागते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. पुस्तक आपण देव्हाऱ्यात ठेवलेले असते, ते काढावे.

कमी हवा म्हणजे नवे खूळ नाही. हवेच्या टायरचा खटाटोप १८८८ मध्ये बेलफास्टला जनावरांच्या एका डॉक्टरने मुलाच्या तिचाकीसाठी केला. तो डनलॉप. त्याच्याच नावाने आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला डनलॉप गाडी म्हणू लागले. ट्रॅक्टर मात्र पुढे कितीतरी वर्षे लोखंडी चाकांवर होता. अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने १९३२ मध्ये फायरस्टोनचे हवेचे टायर लावून ट्रॅक्टर विकायला काढला. त्याआधी विमानाचे टायर कमी हवेवर लावून रानात चालवून पाहिले होते. तेव्हा शेतकरी हसले म्हणतात. लोखंडी धावेच्या गाडीवरून टायरगाडीवर येताना आपले वाडवडीलही हसलेच असतील, पण बैलांनी ते लगेच मान्य केले असणार.

आता सरीकडे या. तीन फुटी सरीत सव्वा फूट रुंदीचे चाक चालवायचे म्हटले की ते बेटावर चढणारच, टायर कुठलाही घ्या. साडेचार-पाच फूट सरी धरलेल्यांनी ट्रॉलीच्या दोन चाकांमधले अंतर एकदा टेपने मोजावे. ते सरीशी जुळले तर चाके सरीतून जातात आणि बेटे वाचतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचे अंतर डिस्क उलटसुलट बसवून कमी-जास्त करता येते, मिस्त्रीला अर्ध्या दिवसाचे काम आहे. आणि फडात आत जायचेच असेल तर सगळ्या खेपा एकाच चाकोरीने काढाव्यात. एका चाकोरीचे नुकसान भरून काढता येते, बगला फोडून, नांग्या भरून. सगळा फड तुडवल्यावर काय करणार?

वाफसा पाहायची सोपी रीत म्हणजे सहा इंच खोलीवरची माती तळहातावर घोळा. शेवेसारखी वळी झाली आणि तुटली नाही, तर त्या दिवशी ट्रॉली बांधावरच राहील. मुकादमाने घाई केली, चिटबॉयने केली, किंवा मी स्वतः येऊन "आजच भरा" म्हणालो, तरी नाही म्हणा. तुमचा नंबर जाणार नाही, वाफसा आल्यावर तोच फड पुढे घेऊ. तशी सूचना आम्ही सर्व गटांना तोंडी दिली आहे.

हवा मोजायचे मीटर प्रत्येक गट ऑफिसात ठेवले आहे. नवे-जुने टायर घेण्यापूर्वी बगलेवरचे सगळे आकडे कागदावर उतरवून आणा, बाजाराच्या दिवशी मी दुपारपर्यंत तिथेच असतो.