पाटी कोणाची, हे आधी वाचा

नांदगाव खंडेश्वरला सरकारी कामासाठी गेले म्हणजे एक दिवस मोडतो. त्यातून चुकीच्या कचेरीत रांग लावली तर दुसराही मोडतो. ऐन पेरणीत तो परवडत नाही.

शेतीचेच पाहा. तालुका कृषी अधिकाऱ्यांची कचेरी राज्य शासनाची. पंचायत समितीतले कृषी अधिकारी जिल्हा परिषदेचे. ठिबकचे अनुदान पहिल्या दारी. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतली विहीर दुसऱ्या दारी. पाट्यांवर मात्र 'कृषी' हाच शब्द! नवख्याने ओळखावे कसे? 1998 मध्ये कृषी खात्याने आपल्या निरनिराळ्या शाखा 'एक खिडकी'खाली आणल्या. जिल्हा परिषदेची खिडकी वेगळीच राहिली. विजेचेही तेच. वीज मंडळाचे 2005 साली विभाजन झाले, बिलावर महावितरण आले, पण आपण अजून 'बोर्डात'च जातो.

हा घोळ आपल्याकडेच आहे असे नाही. कॅनडाने 1970 मध्ये केंद्रीय खात्यांच्या पाट्या, कागद यांना एकच ओळख देण्याचे काम हाती घेतले. आपल्या केंद्र सरकारनेही फेब्रुवारी 2025 मध्ये सर्व खात्यांच्या संकेतस्थळांचे रंग, अक्षरे आणि चिन्हे सारखी असावीत म्हणून नियमावली काढली.

चांगलेच झाले. पण सारखेपणाची नक्कल करणेही सोपे असते. मोबाईलवर 'पीएम किसान'च्या नावाने, वर सिंहमुद्रा छापून, खोट्या लिंका येतात. राजचिन्हाचा असा गैरवापर 2005 च्या कायद्याने गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भामट्याला त्याचे काय! तेव्हा मुद्रेवर जाऊ नका, पत्ता पाहा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'गव्ह डॉट इन' असा संपतो. लिंकेतून आलेले अ‍ॅप तर मोबाईलमध्ये घेऊच नका. घरातल्या शाळकरी पोराला दाखवा, ते चटकन सांगेल.

आणि खरे सांगायचे तर पाटीचा रंग कोणता, याचे आपल्याला फारसे अगत्य नाही. येथे काय मिळते, किती दिवसांत आणि कोणाकडून, हे तिच्याखाली हवे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अधिसूचित सेवांचा असा फलक कचेरीत लावावाच लागतो. तो वाचा. अर्ज दिला की तारखेची पोच मागून घ्या. मुदत टळली तर त्यानंतर तीस दिवसांत पहिले अपील करता येते; ते कोणाकडे करायचे, तेही त्याच फलकावर असते.