बाजारच्या दिवसाचा खाऊ



गेल्या नाताळात एका मंडळीचे पाहुणे वेल्ह्याकडच्या (आताचा राजगड तालुका) एका कातकरी वस्तीवर आले होते. बिस्किटे, वेफर्स, चॉकलेट यांची खोकी गाडीतून उतरली आणि मुलांना आकाश ठेंगणे झाले. दुपारचा वरणभात मात्र पातेल्यात तसाच राहिला. दोष पाहुण्यांचा नव्हता. काय आणावे याची यादी मीच दिली होती.

दोन-तीन वर्षांच्या मुलाचे पोट केवढे असते! एका पाकिटाने ते भरते. पण त्या भरण्यात मीठ, तेल, साखर आणि मैदा; प्रथिने व लोह नावालाच. तासाभराने पुन्हा भूक लागते, तोवर आई कामावर गेलेली असते.

आईला बोल लावणे सोपे आहे. भोर-वेल्ह्यातील कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात. आठवड्याची खर्ची मिळते, त्यातून तांदूळ, तेल, मिरची घेतली की हातात दहा-वीस रुपये उरतात. ‘‘दिवसभर पोराला भट्टीवर धुळीत ठेवलं ताई, सांजच्याला काही तरी द्याया नको का?’’ असे एका आईने मला विचारले. तिला मी लगेच उत्तर देऊ शकले नाही.

म्हणून ‘खाऊ बंद’ असे आम्ही सांगत नाही. आपल्या घरीही नाताळात करंज्या, अनारसे, केक होतातच. रोज झाले असते तर कोणी विचारलेही नसते. काही घरांनी एक रीत धरली आहे. पाकीट फक्त बाजारच्या दिवशी, तेही जेवण झाल्यावर आणि भावंडांत वाटून. इतर दिवशी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. पाकिटाच्या दहा रुपयांत एक अंडे येते, हा हिशेब आयांना चटकन पटतो. मात्र अगदी लहानग्यांना शेंगदाणे कुटूनच द्यावेत, अख्खे दाणे घशात अडकतात. दोन वर्षांखालच्या बाळाला तर साखरेचे, खारट पदार्थ नकोतच.

पाकिटाइतकाच घात चहा करतो. कोऱ्या चहात बुडवलेले बटर ही पुष्कळ मुलांची सकाळची न्याहारी असते. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजी-भाकरीतले लोह अंगी कमी लागते. तासाभराचे अंतर ठेवावे. लिंबू किंवा आवळा ताटात असला तर तेच लोह जास्त लागते.

आणि ताट मुळात गरीब नाही. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा भागही नाही. पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, भारंगी, ओढ्यातले खेकडे. शेवळे काकडाच्या फळांसोबत शिजवली नाहीत तर घसा खाजतो, हे मला एका आजीनेच शिकवले. आम्ही तक्ते घेऊन पोषण शिकवायला गेलो होतो. आधी आजीला विचारायला हवे होते. उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे आहेत, तोही खाऊच की!

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. पाड्यावर दुकान म्हणजे कुणाच्या तरी घराची पुढची खोली, आणि शाळा तिच्या समोरच. तिथे दुकानदाराशी बोलावे लागते. एकाने आता शेंगदाण्याची चिक्की पुढच्या बरणीत ठेवली आहे.

येत्या नाताळाच्या भेटीसाठी यादी बदलली आहे: राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, गूळ, शेंगदाणे, खजूर आणि अंडी. केक जरूर आणा, एकच मोठा आणा. तो जेवणानंतर कापू.