जुना छोटा ट्रॅक्टर : व्यवहारापूर्वी आणि व्यवहारानंतर

पालखेड, करंजवण, वाघाड आणि ओझरखेड ही धरणे ज्या तालुक्यात आहेत, त्या दिंडोरी तालुक्यात विहिरींच्या आणि धरणांच्या पाण्यावर द्राक्षशेती बहरली. द्राक्षबागेत दोन ओळींमधील अंतर साधारणतः आठ ते दहा फूट आणि वर मांडव. मोठा ट्रॅक्टर तेथे सुखाने वळत नाही. म्हणून १५ ते २५ अश्वशक्तीचा, अरुंद बांध्याचा ट्रॅक्टर बागाईतदाराला सोयीचा ठरला. नवा घेण्याची ऐपत नसलेला शेतकरी साहजिकच जुन्याकडे वळतो आणि सल्ल्यासाठी सरपंच, कृषी सहायक किंवा गावातील शिक्षक यांच्याकडे येतो. अशा वेळी केवळ किमतीची चर्चा करणे पुरेसे नाही.

या यंत्राची खरी परीक्षा फळछाटणीनंतर होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस झाला की केवडा रोग झपाट्याने पसरतो आणि फवारणी काही तासांत उरकावी लागते. त्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर खरेदीत वाचलेले चार पैसे घडांबरोबर जातात. तेव्हा यंत्र पाहताना रंग आणि नवे टायर यांना भुलू नये.

बागेतला ट्रॅक्टर नांगरटीच्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळ्या रीतीने झिजतो. ब्लोअर चालवताना पीटीओवर तासन्‌तास भार असतो. म्हणून क्लच, पीटीओ आणि गिअरपेटी यांकडे प्रथम लक्ष द्यावे. मोरचूद व गंधक यांच्या फवाऱ्याने वायरिंगचे जोड, बॅटरीची टोके आणि पत्र्याचे सांधे खाल्ले जातात. रेडिएटरच्या जाळीत पाला व धूळ बसून इंजिन तापते. तासमापकाचा आकडा कमी असला, पण पेडलांचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर विश्वास पेडलांवर ठेवावा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहणे अगत्याचे आहे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जावे. यात संकोचाचे कारण नाही. निळा धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे. ऑइल दुधाळ दिसले किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलकट तवंग आढळला, तर पाणी व ऑइल एकमेकांत मिसळत असण्याची शक्यता असते आणि दुरुस्ती मोठी निघते. लिफ्टवर अवजार उचलून इंजिन बंद करावे. अवजार लगेच खाली बसू लागले तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या व मागच्या टायरांच्या मापाचे प्रमाण ठरलेले असते. पूर्वीच्या मालकाने भलत्या मापाचे टायर बसवले असतील, तर पुढच्या दंतचक्रांवर अकारण ताण पडतो.

शक्तीबाबतही गैरसमज आढळतो. इंजिनाची अश्वशक्ती आणि पीटीओवर मिळणारी अश्वशक्ती एक नव्हे; दुसरी नेहमीच कमी असते. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्र शासनाच्या संस्थेच्या चाचणी अहवालांत पीटीओवरील शक्ती दिलेली असते. ब्लोअर निवडताना तिचाच आधार घ्यावा.

आता कागदपत्रांकडे वळू. गावात मुद्रांकावर करारनामा होतो, दोन साक्षीदार सही करतात आणि व्यवहार पुरा झाला असे मानले जाते. हे साक्षीदार पुष्कळदा पंचायत सदस्यच असतात, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. करारनाम्याने परिवहन कार्यालयातील नोंद बदलत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची खबर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० आहेत. कर्ज असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. शिवाय त्या कर्जाचा बोजा सातबारावर चढला आहे काय, तेही पाहावे. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, अनेक हातांतून गेलेल्या पण पहिल्याच्याच नावावर राहिलेल्या वाहनाच्या अपघातप्रकरणी, नोंदणीकृत मालकालाच भरपाईस जबाबदार धरले. तेव्हा नाव बदलण्याची घाई खरेदीदाराइतकीच विकणाऱ्यालाही असावयास हवी. ट्रॅक्टर शासकीय अनुदानातून घेतलेला असेल, तर त्या मंजुरीच्या अटीही आधी वाचाव्यात.

यंत्र दारात आल्यावर पहिले काम म्हणजे इंजिन, गिअरपेटी व हायड्रॉलिकचे ऑइल आणि सर्व फिल्टर बदलणे. पूर्वीच्या मालकाने ते कधी बदलले यावर विसंबू नये. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर त्यातील मातीचा गाळ काढून खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. कोरड्या दिवसांत बागेतली धूळ त्याला लवकर निकामी करते. कोणत्या तासाला काय बदलले, हे एका वहीत लिहावे.

चालवणाऱ्याने दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकाव्यात. ओळीच्या टोकाला वळण्यासाठी ब्रेकची दोन पेडले सुटी ठेवतात; रस्त्यावर येताच त्यांची कडी लावावी, कारण वेगात एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर उलटू शकतो. ६०० लिटरच्या टाकीत नुसते पाणीच ६०० किलोचे असते आणि उतारावर ते छोट्या ट्रॅक्टरला पुढे ढकलते. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा.

दुसरी गोष्ट पीटीओच्या दांड्याची. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक वा लुगड्याचा पदर त्यात सापडला, तर हात मागे घेण्यास अवधी मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर या दांड्याचे आवरण पुष्कळदा काढून टाकलेले असते. ते नवे बसवण्याचा खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा, आणि दांडा फिरत असताना टाकीत औषध मिसळण्यासाठी मजूर स्त्रियांना जवळ बोलावू नये.