नावातला रंग आणि प्राण्याचे कुळ

गेल्या माघात वाशीम जिल्ह्यातील एका शिवारात, पहाटेचे धुके पुरते विरलेही नव्हते अशा वेळी, हरभऱ्याच्या बांधावर उभे राहून आम्ही पाच-सहा जण समोरचा कळप न्याहाळीत होतो. त्या कळपातील चार पिंगट माद्यांकडे बोट दाखवून आमच्या सोबतच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी ‘ही हरणे’ असा निर्वाळा दिला. आणि थोड्याच वेळाने शेजारच्या तुरीच्या ओळींतून त्याच कळपाचा राखी-निळसर नर बाहेर येताच ‘आणि ही नीलगाय’ असे तितक्याच खात्रीने सांगितले. एकाच जातीचे नर आणि मादी केवळ रंग निराळा म्हणून दोन जातींच्या खात्यांवर जमा झाले. वास्तविक प्रत्येकाच्या पायांवर, खुरांच्या किंचित वर, पांढऱ्या रंगाचे तेच ठसठशीत पट्टे होते, गालावर तेच पांढरे ठिपके होते आणि पाठीचा खांद्यापासून पुठ्ठ्याकडे उतरत गेलेला तोच उतार होता. पण नावात ‘नील’ आहे म्हणून निळे ते तेवढेच नीलगाय, असा समज एकदा मनात घर करून बसला की डोळ्यांसमोरचा पुरावाही दिसेनासा होतो.

या प्राण्याविषयी मला वारंवार ऐकावा लागणारा गैरसमज मात्र रंगाचा नाही, ‘गाय’ या उत्तरपदाचा आहे. ‘नीलगाय ही अखेर गायच’ हे वाक्य मी पारावर ऐकले आहे, आगगाडीत ऐकले आहे आणि पदवीधरांच्या बैठकीतही ऐकले आहे. त्याहून अधिक उद्वेग येतो तो हे वाक्य दुरुस्त करू पाहणाऱ्यांचा. कारण ते मोठ्या अधिकाराने सांगतात की ‘छे, ती गाय नव्हे, ते हरिण आहे’, आणि एक चूक काढून तिच्या जागी दुसरी बसवितात.

हरीण कोणाला म्हणावे याची खूण प्राणिशास्त्राने शिंगांत दाखविली आहे. चितळ आणि सांबर यांची शिंगे भरीव हाडाची व फाटे फुटलेली असतात. ती ठरावीक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नवी उगवतात, म्हणूनच रानात फिरणाऱ्या गुराख्याला सांबराचे गळालेले शिंग सापडते. नीलगायीच्या नराची शिंगे वीतभरच, साधारणतः 15 ते 24 सेंटिमीटर, बिनफाट्याची. आत हाडाचा गाभा, वर शृंगद्रव्याचे पोकळ टोपण, आणि एकदा आली की जन्मभर टिकणारी. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट या सर्वांच्या शिंगांची घडण अशीच आहे, आणि या सर्वांचे मिळून जे कुळ होते त्याला मराठीत गवयाद्य कुळ म्हणतात. नीलगाय या कुळातली. चितळ-सांबरांच्या कुळाशी तिचा संबंध दूरचा आहे आणि हरिण हे नाव तिला कोणत्याही हिशेबाने लागू होत नाही.

मग ती गायच झाली, असे कोणी म्हणेल, तर तेही नाही. येथे थोडे सावकाश चालले पाहिजे. गवयाद्य कुळ मोठे आहे, आणि त्याच्या पोटात उपकुळे आहेत. अलेक्झांडर हसानिन आणि इमॅन्युएल डुझरी या संशोधकांनी 1999 मध्ये या कुळातील प्राण्यांच्या एका जनुकाची तुलना करून जी वंशावळ मांडली, तिच्यात नीलगाय आणि आपल्या रानांतला चौशिंगा हे दोघे एका शाखेवर आले, आणि ती शाखा गाय-म्हशींच्या उपकुळातच निघाली. काळवीट मात्र त्या उपकुळाबाहेर, शेळ्या-मेंढ्यांच्या बाजूला गेले. म्हणजे नीलगाय आणि काळवीट या ज्या दोघांना आपण सर्रास ‘कुरंग’ म्हणून एका पंक्तीला बसवितो, त्यांपैकी एकाचे सोयरे गोठ्यात आहेत आणि दुसऱ्याचे मेंढवाड्यात. तरीही उपकुळ एक असणे म्हणजे जात एक असणे नव्हे. गायीच्या पेशीत 60 गुणसूत्रे असतात, नीलगायीच्या 46. गाय बहुधा एकच वासरू देते, नीलगायीला जुळी पिल्ले होणे नित्याचे आहे. आणि ज्याला गुणसूत्रे मोजता येत नाहीत त्याने निदान बांधावर वाकून पाहावे: गाय शेणाचा पो टाकते, नीलगाय लेंड्या टाकते, त्याही पुन्हा पुन्हा त्याच जागी, इतक्या की तेथे ढीग साचतो. गायीचा खरा रानटी भाऊबंद पाहावयाचा असेल तर तो गवा. त्याला रानगाय म्हटले तर एक वेळ चालेल, परंतु लोक नेमके त्यालाच ‘रानरेडा’ म्हणतात.

नाव ठेवणाऱ्या पंडितांचाही या प्राण्यापुढे गोंधळ उडाला होता. 1766 मध्ये पीटर सायमन पल्लास याने त्याला जे शास्त्रीय नाव दिले त्यात ग्रीक भाषेतील बोकड आणि उंट एकत्र आले, व पुढे प्रजातीच्या नावात बैल आणि हरिण यांची जोड बसली. आजही ‘बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस’ हे नाव उच्चारताना चार प्राण्यांचा उल्लेख होतो, त्यांपैकी एकही नीलगाय नाही. याउलट आपल्या न्यायशास्त्रात उपमान-प्रमाण समजावताना ‘गवय’ नामक वन्य पशूचा जो दृष्टांत देतात, त्यात गवय गायीसारखा असतो एवढेच सांगितलेले असते, तो गाय असतो असे नाही. हा गवय म्हणजे नीलगाय की गवा याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंतु सादृश्य हे ओळखीचे साधन आहे, नात्याचा दाखला नव्हे, हा भेद त्या नैयायिकांनी चोख पाळला, आणि आपण तो गमावून बसलो याचे मला मनापासून वाईट वाटते.

रंगाचे म्हणाल तर सस्तन प्राण्यांच्या केसांत निळे रंगद्रव्य नसतेच. नर जन्मतः आईसारखाच पिंगट असतो, आणि वयात येताना करडा-काळपट होत जातो. त्या करड्यात उन्हाच्या तिरपेने जी निळसर झाक दिसते तिला नील म्हटले गेले. ज्या भाषेत पावसाने भरलेल्या मेघाच्या वर्णाला घननीळ म्हणतात, त्या भाषेत हे नाव मुळीच विचित्र नाही. चूक नावाची नाही, नावावरून जात ठरविणाऱ्याची आहे.

आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. नीलगायीला कायद्याचे संरक्षण आहे ते ती गाय म्हणून, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, 1976 यात आणि त्याच्या 2015 च्या सुधारणेत उल्लेख आहे तो गाय, वळू आणि बैल यांचा. नीलगायीचे संरक्षण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये, केवळ वन्य प्राणी या नात्याने आहे, आणि 2022 च्या सुधारणेनंतर तिची नोंद दुसऱ्या अनुसूचीत आहे. याच कायद्याच्या आधारे 2015 च्या डिसेंबरात बिहारमधील काही जिल्ह्यांपुरते, एक वर्षाच्या मुदतीने, तिला उपद्रवी ठरविणारी अधिसूचना केंद्राने काढली होती. ज्याचे हरभऱ्याचे पीक एका रात्रीत फस्त झाले, त्या शेतकऱ्याची कैफियत आणि त्या जनावराचे जगणे या दोन्हींचा न्याय जंगल, कुरण आणि पीक यांच्या हिशेबाने व्हावयास हवा; तेथे ‘गाय’ हा शब्द मध्ये आला की विचारच खुंटतो.

याच जातीचे आणखी काही गैरसमज आहेत. पांढरा वाघ ही निराळी जात नाही. रीवाच्या महाराजा मार्तंडसिंहांनी 1951 मध्ये पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघापासून पिंजऱ्यांत वाढलेली ती प्रजा साध्या वाघाचीच, एका जनुकातील बदलाने पांढरी झालेली, आणि पट्टे शाबूत असल्यामुळे तिला वर्णहीन म्हणणेही चूकच. काळा बिबट्या हा बिबट्याच आहे, तिरप्या उजेडात त्याचे ठिपके दिसतात, आणि ठिपकेदार आईच्या एकाच वेतात काळे पिल्लू असू शकते. काळवीट हे नाव प्रौढ नराच्या रंगावरून पडले. माद्या आणि पिल्ले तांबूस असतात. आफ्रिकेतील पांढरा गेंडा आणि काळा गेंडा दोघेही राखी असून त्यांची ओळख ओठांच्या आकारावरून पटते. तांबडा पांडा अस्वल नव्हे, त्याचे कुळ स्वतंत्र आहे. पांडा हे नाव 1825 पासून आधी त्याचे, काळ्या-पांढऱ्या थोराड पांड्याला ते मागाहून मिळाले, आणि खरे अस्वल आहे ते हा दुसराच. पांढऱ्या ध्रुवीय अस्वलाची कातडी काळी असते.

त्या सकाळी आमच्या बरोबर शेताचा मालकही होता. आमचा वाद चालू असताना तो काहीच बोलला नाही, फक्त ओल्या मातीत साचलेल्या लेंड्यांच्या ढिगाकडे त्याने काठीने निर्देश केला, आणि शेवटची पिंगट मादी दोन पिल्लांना मागे घेऊन तुरीत शिरली तेव्हा माचाणावरच्या मुलाला हाक मारून म्हणाला, “रोही गेले बघ तिकडं.” नराला आणि मादीला, दोघांनाही त्याचा शब्द एकच होता.