सिगारेटवर मोजलेली रात्र

ब्रासाई (१८९९–१९८४)

रात्रीच्या पॅरिसचा छायाचित्रकार. मूळ नाव ग्युला हालास. जन्म ब्राशोचा, तेव्हा हंगेरीत, आज रोमानियात. टोपणनाव गावावरून. १९२४ पासून पॅरिसमध्ये.

• साधने : फोक्टलेंडर कॅमेरा, तिकाटणे, काचेच्या प्लेट्स.

• एक्स्पोजर : मोजमाप सिगारेटवर. उजेड बरा असेल तर गोलुआज, अंधार दाट असेल तर जाडजूड बोयार संपेपर्यंत शटर उघडे.

• हवा : पाऊस आणि धुके लाडके. ओला रस्ता दिव्यांचा उजेड परत फेकतो, धुके तो पसरवते. दिवा थेट चौकटीत आला तर प्लेटवर पांढरा डाग. म्हणून तो झाडाआड किंवा खांबाआड.

• फरक : निर्मनुष्य रस्त्यांना दीर्घ एक्स्पोजर, कॅफेतल्या माणसांना मॅग्नेशियमचा झगझगाट.

• पुस्तक : 'पारी द न्युई', १९३३. प्रस्तावना पॉल मोराँ यांची.