जनुकविश्लेषणाची यंत्रे आणि आपले द्रव्यविज्ञान

गुळवेल आपण नित्य वापरतो. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतविकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. रुग्णांनी घेतलेली वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, असा प्रश्न आयुष मंत्रालयाने उपस्थित केला. वाद पुढे चालू राहिला. परंतु तोच प्रश्न उद्या आपल्या दुकानातील गुळवेलीविषयी विचारला गेला, तर आपण कोणता पुरावा देणार?

हा पुरावा देणारे शास्त्र आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला परके नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात राज्यस्तरीय जैवतंत्रज्ञान केंद्र आहे. लोणीची प्रवरा वैद्यकीय संस्था २००३ पासून अभिमत विद्यापीठ आहे. एकीकडे वनस्पतींचा अभ्यास, तर दुसरीकडे रुग्णांचा. अशा विद्यापीठांनी जनुकविश्लेषणाची यंत्रे घेताना वैद्यांची गरजही विचारात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

यातील मूळ यंत्र पीसीआरचे. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये ही पद्धत शोधली. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे विलग होतात, ५० ते ६० अंशांना त्यांवर ठरावीक तुकडे चिकटतात आणि ७२ अंशांना नवी प्रत तयार होते. अशा ३० आवर्तनांत, तत्त्वतः, एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. मग त्यांचा क्रम वाचून तो प्रमाणित वनस्पतीच्या क्रमाशी ताडून पाहतात. खऱ्या अशोकाच्या सालीऐवजी रस्त्याकडेच्या उंच, सरळ 'अशोका'ची साल आली असेल, तर हा फरक चूर्णातही ओळखता येतो.

मात्र यंत्रास मर्यादा आहेत. काढा वा आसवात डीएनए तुटलेला असतो, तर सालीतील कषायद्रव्ये प्रक्रियेत अडथळा आणतात. वनस्पती ओळखली, तरी ती कोणत्या ऋतूत काढली आणि तिचे वीर्य किती टिकले, हे यंत्र सांगत नाही.

प्रकृतिविचारातही हेच दिसते. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये ३,४१६ निरोगी पुरुषांतून निवडलेल्या २६२ जणांच्या जनुकांचा प्रकृतीशी संबंध तपासला आणि पीजीएम१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध नोंदवला. त्या अभ्यासाचा पाया वैद्यांनी केलेली प्रकृतिपरीक्षा हाच होता. परीक्षा सदोष असती, तर महागड्या यंत्रानेही सदोष उत्तरच दिले असते.

म्हणून केवळ यंत्राची किंमत मोजून भागणार नाही. विकरे उणे २० अंशांत ठेवावी लागतात. त्यासाठी अखंड वीज, नियमित देखभाल आणि रसायनांची वार्षिक तरतूद हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः नमुना कुटून, डीएनए काढून, चुकून, पुन्हा करून शिकावे. काचेआडचे यंत्र दुरून पाहून हात तयार होत नाही.

आपले कर्तव्यही स्पष्ट आहे. नमुना देताना केवळ साल वा मूळ देऊ नये. पान, फूल, स्थळ, दिनांक व संग्राहकाची नोंद सोबत द्यावी. वनौषधींची नावे व रूपे गुराखी आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी सांगून ठेवले आहे. अकोले तालुक्यातील डोंगरांत असे जाणकार आजही आहेत. त्यांची ओळख, वैद्याची परीक्षा आणि यंत्राची साक्ष ही तिन्ही जुळली, तरच आपण रुग्णास निःशंक मनाने सांगू शकू, की ही गुळवेलच आहे.